पहिल्या गेमला स्ट्राइक, तिसऱ्याला स्प्लिट: लेन बदलली की बॉलचं काय करायचं

टेनपिन बोलिंग खेळणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. सरावाच्या दहा मिनिटांत बॉल मस्त वळत होता, पहिल्या गेमला स्ट्राइक (एकाच बॉलमध्ये दहाही पिना) पडत १९० च्या पुढे गेलो, दुसऱ्यात कसेबसे १६० झाले आणि तिसऱ्यात चार-सहा-सात-दहा नंबरच्या, मधे मोकळी जागा सोडून चार कोपऱ्यांत उरलेल्या पिना, म्हणजे स्प्लिट, बघत उभं राहायची वेळ आली. (पिना त्रिकोणात असतात: सगळ्यात पुढची एक नंबर, मग मागच्या ओळींत डावीकडून उजवीकडे मोजत दहापर्यंत.) पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग माणूस प्रो शॉपमध्ये जातो, दुकानदाराने दाखवलेला सगळ्यात जास्त वळणारा बॉल घेतो, दोन आठवडे खुशीत जातात आणि तिसऱ्या आठवड्यात ये रे माझ्या मागल्या.

अमेरिकेत लीग खेळणाऱ्या आपल्या मंडळींकडून हे इतक्यांदा ऐकलंय की एकदा सविस्तर लिहून टाकावं म्हटलं. ज्यांनी स्वतःच्या बोटांच्या मापाने ड्रिल केलेला बॉल घेतलाय, हुक (शेवटी वळणारा बॉल) टाकता येतो आणि आठवड्याला तीन गेमची लीग खेळतात, त्यांच्यासाठी हे आहे. उजव्या हाताने टाकणारा गृहीत धरलाय. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं करून वाचावं. तसंही त्यांना हा त्रास जरा उशिरा होतो, कारण लेनच्या त्यांच्या बाजूने टाकणारे कमी असतात आणि तिथलं तेल जास्त वेळ टिकतं.

दोष बहुतेक वेळा तुमच्या बॉलचा नसतो, हाताचाही नसतो. लेनवरचं तेल हललेलं असतं.

तेल कुठे असतं आणि जातं कुठे

फाउल लाइनपासून (जिच्या अलीकडून बॉल सोडायचा ती रेघ) पहिल्या पिनेपर्यंत ६० फूट. रुंदीत ३९ पट्ट्या, प्रत्येक पट्टी जेमतेम एक इंचाच्या वर. उजव्या हाताचे खेळाडू त्या उजवीकडून मोजतात. साधारण १५ फुटांवर जे सात बाण दिसतात ते दर पाचव्या पट्टीवर असतात, म्हणजे उजवीकडून दुसरा बाण ही दहावी पट्टी आणि मधला बाण ही विसावी.

यातल्या पहिल्या ४० फुटांच्या आसपास मशीनने तेल लावतात, पुढचा भाग कोरडा सोडतात. अख्ख्या लेनवर मिळून तेल असतं २० ते ३० मिलीलीटर, म्हणजे चहाचे चार-सहा चमचे. पण ते सारखं पसरलेलं नसतं. लीगच्या रोजच्या पॅटर्नमध्ये मधल्या पट्ट्यांवर कडेच्या पट्ट्यांपेक्षा आठ-दहा पट तेल असतं. त्यामुळे बॉल जरा बाहेर गेला तर कडेच्या कोरड्या भागात पकड मिळून परत येतो, आणि जरा आत राहिला तर तेलावर घसरत जागेवर राहतो. म्हणजे चुकीला दोन्हीकडून माफी. स्पोर्ट पॅटर्नमध्ये, म्हणजे मुद्दाम अवघड ठेवलेल्या पॅटर्नमध्ये, हे प्रमाण ३:१ च्या आत ठेवावं लागतं. लीगमध्ये २०० ची सरासरी असलेला माणूस तिथे १७० वर येतो तो याच कारणाने.

कॅरम खेळलेल्याला हे समजायला वेळ लागत नाही. पावडर ताजी असताना स्ट्रायकर जसा पळतो तसा तासाभराने पळत नाही, आणि जिथून सगळे सारखे मारतात तिथली पावडर आधी उडते. लेनवर हेच होतं, फक्त इथे पावडर उडवणारे आठ-दहा जण दुसऱ्या बाणावरूनच टाकत असतात. आजचे रिअॅक्टिव्ह रेझिनचे बॉल तेल नुसतं बाजूला सारत नाहीत, पिऊन टाकतात. दुसऱ्या गेमच्या मध्यावर दहाव्या पट्टीच्या आसपास एक कोरडी वाट तयार झालेली असते. ती डोळ्यांना दिसत नाही, बॉलकडे बघूनच ओळखावी लागते.

तेलाला दोष देण्याआधी

दोन गोष्टी तपासा, एक मिनिटही लागत नाही.

पहिला अंगठा. खेळता खेळता अंगठा सुजतो, थंडीत आखडतो. मिशिगन-मिनेसोटाकडच्या लोकांना जानेवारीत पार्किंगमधून आत आल्यावर बॉल ढिला का वाटतो याचं कारण एवढंच. भोक ढिलं असलं की आपण नकळत बॉल आवळून धरतो, अंगठा उशिरा सुटतो आणि बॉल डावीकडे खेचला जातो. लक्षण अगदी ‘लेन सुकली’ असंच दिसतं. अंगठ्याच्या भोकात टेपचा एखादा तुकडा वाढवा किंवा काढा. बॅगेत टेप नाही असा लीगचा खेळाडू मला पटत नाही.

दुसरा वेग. तिसऱ्या गेमला पाय दमतात, बॉल हळू जातो, आणि हळू गेलेला बॉल जास्त वळतो. स्क्रीनवर वेग दिसत असेल तर पहिल्या गेमशी ताडून पाहा. दुसऱ्या सेंटरच्या आकड्याशी मात्र तुलना करू नका, कारण सेन्सर सगळीकडे एकाच जागी बसवलेला नसतो.

हे दोन्ही ठीक असेल तर पुढे चला.

बॉल डोक्यात घुसतो

बॉल पॉकेट (एक आणि तीन नंबरच्या मधली जागा) सोडून पहिल्या पिनेच्या नाकावर किंवा तिच्याही डावीकडे जातो. मागे राहतात चार नंबर, चार-नऊ, तीन-दहा, नाहीतर वर सांगितलेले चार कोपरे. त्यातल्या त्यात हा सोपा आजार. बॉल लवकर आणि जास्त वळतोय, कारण तुमच्या वाटेवरचं तेल संपलंय.

बॉल ज्या बाजूला चुकला त्या बाजूला पाय न्या. डावीकडे चुकला तर डावीकडे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं, पण हिशेब सरळ आहे. निशाण १५ फुटांवर, पिना ६० वर. बाण तोच ठेवून पाय एक पट्टी डावीकडे नेले, तर बॉलची रेघ बाणावरून फिरते आणि पिनांपाशी तीन पट्ट्या उजवीकडे पडते. स्पेअरसाठी (उरलेल्या पिना दुसऱ्या बॉलने पाडायला) जी ३-६-९ पद्धत शिकवतात ती यातूनच आलेली आहे.

स्ट्राइकच्या बॉलला मात्र नुसते पाय हलवणं फार दिवस पुरत नाही, कारण बॉल त्याच सुकलेल्या बाणावरून जात राहतो. म्हणून पाय दोन पट्ट्या डावीकडे, निशाण एक पट्टी डावीकडे. या सरकण्याची गंमत कागदावर रेघ ओढली की कळते. जुनी आणि नवी वाट साधारण ३० फुटांवर एकमेकींना छेदतात. म्हणजे बॉल पहिल्या अर्ध्या लेनवर जास्त तेलातून जातो, आणि तरीही वळायच्या जागेवर जवळपास तिथेच पोचतो जिथे आधी पोचत होता. पहिल्या पिनेवर जरासा जास्त लागला तर दोनास एक, नाकावर आदळला तर चारास दोन.

इथे बहुतेकांची एक खोड असते. एक सरकणं, दोन फ्रेम (गेममधल्या पाळ्या) वाट, मग अर्धी पट्टी, मग ‘आता बसेल’. तोवर गेम गेलेला असतो. तिसऱ्या गेमला लेन रोज सुकत असेल तर स्प्लिटची वाट कशाला बघायची? पॉकेटमध्ये लागूनही बॉल पहिल्या पिनेकडे झुकायला लागला, एखादा स्ट्राइक तीन नंबरच्या बाजूने न येता पहिल्या पिनेवर जास्त जोर देऊन आला, की तेव्हाच सरका. स्ट्राइक पडत असताना सरकायला जिवावर येतं हे मान्य आहे.

लीगमध्ये लेनची जोडी असते आणि दोन्ही लेन सारख्या सुकत नाहीत. डावीकडच्या लेनवर सरकलात म्हणून उजवीकडच्या लेनवरही सरकू नका. दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवा.

बॉल वळतच नाही

खरी गफलत इथे होते.

बॉल पॉकेटच्या आसपास लागतो पण लेचापेचा. पाच नंबर उभी राहते. दहा नंबर उभी राहते आणि सहा नंबर तिच्या शेजारच्या गटारात (लेनच्या कडेच्या खाचेत) आडवी पडलेली असते. चांगल्या स्ट्राइकमध्ये बॉल स्वतः फक्त चार पिनांना लागतो: एक, तीन, पाच, नऊ. बाकीच्या सहा पिना पिनांनीच पडतात. एक दोनला, दोन चारला, चार सातला. तीन सहाला, सहा दहाला. पाच आठला. बॉलमध्ये जोर नसला की पहिल्या पिनेवर आपटून तो उजवीकडे ढकलला जातो, पाचपर्यंत नीट पोचत नाही आणि ही साखळी तुटते. पॉकेटमध्ये शिरण्याचा कोन सहा अंशांच्या आसपास असेल तर स्ट्राइकची शक्यता सगळ्यात जास्त. सरळ बॉल अगदी उजव्या कडेवरून टाकला तरी कोन दीड अंशाच्या घरातच राहतो. हुक टाकायचा तो या कोनासाठी.

तर बॉल लेचापेचा लागला. खेळाडू म्हणतो, वळत नाही. मग अधिक खरखरीत बॉल काढतो, किंवा उजवीकडे कोरड्यात सरकतो. कधी जमतं, कधी आणखी बिघडतं, आणि का ते कळत नाही.

कारण या एका लक्षणाच्या मागे दोन उलटी कारणं आहेत.

बॉल लेनवर तीन टप्प्यांत जातो. आधी घसरतो, मग वळतो, मग सरळ गडगडत जातो. घसरताना त्याने वळण साठवलेलं असतं, वळताना ते खर्च होतं, गडगडायला लागला की वळण संपलं. पॉकेटमध्ये शिरताना वळण नुकतंच संपत आलेलं असावं. पहिल्या कारणात तेल जास्त असतं. बॉल घसरतच राहतो, वळायला लागेपर्यंत पिना आलेल्या असतात. दुसऱ्यात तेल कमी असतं. बॉल २५-३० फुटांवरच वळायला लागतो, ४५ फुटांपर्यंत सगळं वळण खर्च करून बसतो, आणि शेवटचे १५ फूट नुसता सरळ चालत जातो. बघणाऱ्याला दोन्ही वेळा शेवटी सरळ जाणारा बॉलच दिसतो.

पहिल्याचा उपाय दुसऱ्याला दिला तर आगीत तेल. म्हणजे इथे खरं तर तेलाविना आग. खरखरीत बॉल आणखी लवकर जळतो. बॉल जळला असं बॉलर म्हणतात ते यालाच.

मग ओळखायचं कसं? उभ्या राहिलेल्या पिना बॉल दमून पोचला एवढंच सांगतात, कशाने दमला ते सांगत नाहीत. म्हणून बॉल पिनांवर आदळण्याआधी बघायची सवय लावावी लागते. सगळे पिनांकडे बघतात. नजर ३० ते ४५ फुटांवर ठेवा. त्या टप्प्यात बॉल अजून सरळ पळतोय की केव्हाच वळून गेलाय? जमत नसेल तर टीममधल्या कुणाला मागून मोबाइलवर शूट करायला सांगा आणि बॉलवरच्या लोगोकडे लक्ष द्या. घसरताना लोगो तिरपा, कलंडत फिरतो. गडगडायला लागला की सरळ, पुढच्या दिशेने फिरतो. तो बदल कुठल्या फुटावर झाला ते दिसलं की निदान झालं.

बॉल परत आल्यावर पुसायच्या आधी त्यावरच्या तेलाच्या रेघा बघा. जाड, चमकदार रेघा म्हणजे वाटेत भरपूर तेल. पुसट रेघा, कुठे कुठे नाहीतच, म्हणजे कोरडं. घड्याळही थोडं सांगतं. ताज्या तेलावर पहिल्या गेमला वळत नसेल तर बहुधा पहिलं कारण, तिसऱ्या गेमला असेल तर बहुधा दुसरं. ‘बहुधा’ अशासाठी की तुमच्या जोडीवर प्लास्टिक किंवा युरेथेनचे बॉल टाकणारे बरेच असले तर ते तेल पीत नाहीत, पुढे ओढून नेतात आणि ४० फुटांनंतरच्या कोरड्या भागात त्याचा पातळ थर बसतो. मग तिसऱ्या गेमलाही पहिलं कारण लागू पडतं.

तरीही खात्री होत नसेल तर एक फ्रेम खर्ची घाला. पाय पाच पट्ट्या डावीकडे, निशाण तीन डावीकडे, बॉल तोच, वेग तोच. बॉल जळत असेल तर तेलात गेल्यावर त्याचं वळण शिल्लक राहील आणि तो शेवटी एकदम जिवंत होऊन आत येईल. तेल जास्त असेल तर तो उजवीकडे तीन-सहा-दहाच्या बाजूलाच राहील. एका स्पेअरच्या मोबदल्यात उरलेल्या गेमचं उत्तर मिळतं.

मग इलाज. जळत असेल तर डावीकडे तेलात जा, किंवा पॉलिश असलेला, कमी तिखट बॉल काढा, किंवा वेग थोडा वाढवा. मी याच क्रमाने जाईन, कारण दमलेल्या पायांनी वेग वाढवायला गेलं की खांदा मध्ये येतो. घसरत असेल तर उजवीकडे कोरड्याच्या जवळ जा, किंवा जास्त खरखरीत बॉल काढा, किंवा पावलं जरा सावकाश टाका.

एक सूट देऊन ठेवतो. दहा नंबर उभी राहिली पण सहा नंबर जोरात उडून तिच्या मानेभोवतून गेली, तर बॉलमध्ये जोर होता. अशा वेळी बॉल बदलायचा नाही. पावलं सुरू करायची जागा चार-सहा इंच मागेपुढे करून बघायची.

कधी उडी, कधी काहीच नाही

एक बॉल पट्टीभर बाहेर गेला की उडी मारून नाकावर, पुढचा पट्टीभर आत राहिला की पॉकेटला पोचतच नाही. तेलाची आणि कोरड्याची सीमा फार तीव्र असली आणि बॉल कोरडं दिसताच झेप घेणारा असला की असं होतं. चकचकीत पॉलिशचे, शेवटी टोकदार वळणारे बॉल यात सगळ्यात वाईट. इथे पाय सरकवून फारसं काही होत नाही. वळण गोलसर करणारा बॉल हवा. पॉलिश काढून पृष्ठभाग बारीक खरवडलेला रेझिनचा बॉल किंवा सरळ युरेथेन. स्ट्राइक दिसायला भपकेबाज येणार नाही, पण पॉकेट चुकणार नाही.

बॉलच्या नावापेक्षा त्याची कातडी बघा

जाहिरातीत बॉलच्या आतल्या गाभ्याचं चित्र असतं, त्याचे आकडे असतात. गाभ्याने फरक पडतो, नाही असं नाही. पण आठवड्याच्या लीगमध्ये जो फरक जाणवतो त्यातला मोठा वाटा बाहेरच्या आवरणाचा आणि ते किती खरखरीत आहे याचा. प्लास्टिक जवळजवळ वळत नाही. युरेथेन लवकर आणि गोलसर वळतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेलं रिअॅक्टिव्ह रेझिन तेलावर घसरतं आणि कोरड्यावर चावा घेतं.

आवरणाने किती फरक पडतो हे पाहायचं तर १९७३ सालाकडे जावं लागेल. डॉन मॅक्यून नावाच्या अमेरिकन व्यावसायिकाने प्लास्टिकचे बॉल रसायनात भिजवून मऊ करायला सुरुवात केली. मऊ आवरणाने लेन धरली, बॉल वळू लागला, आणि त्या वर्षी त्याने सहा स्पर्धा जिंकून वर्षातला सर्वोत्तम खेळाडू हा किताबही घेतला. त्यानंतर बॉलचा कडकपणा मोजायचे नियम आले. तुम्ही काही भिजवू नका. रसायनाची वाफ घातक असते, बॉल बाद होतो तो वेगळाच.

नियमात बसणारं हत्यार म्हणजे घासायचे पॅड. ५०० नंबर खरखरीत, १००० मध्यम, २००० बऱ्यापैकी गुळगुळीत, ४००० त्याहून गुळगुळीत, आणि त्याच्याही पुढे पॉलिश. आकडा जितका लहान तितका बॉल लवकर वळायला लागतो. लोकांचा घोळ होतो तो इथेच. खरखरीत केला म्हणजे ‘जास्त’ वळेल असं समजतात. वळेल ‘लवकर’. तेल भरपूर असेल तर लवकर वळणं फायद्याचं, तेल कमी असेल तर तोच बॉल वर सांगितल्याप्रमाणे जळून जातो आणि उलट कमी वळल्यासारखा दिसतो.

पॅड पाण्यात ओला करून बॉलच्या चार बाजूंना सारखा वेळ, सारखा दाब. स्पिनर (बॉल फिरवायचं यंत्र) नसेल तर हाताने, जरा कंटाळवाणं होतं इतकंच. एक बाजू जास्त घासली तर बॉल प्रत्येक वेळी वेगळा वागेल. हे काम घरी किंवा स्पर्धा सुरू होण्याआधी करा. यूएसबीसीच्या (अमेरिकेतली बोलिंगची नियामक संस्था) मान्यताप्राप्त लीगमध्ये गेम सुरू झाल्यावर बॉलचा पृष्ठभाग घासून बदलता येत नाही. प्रत्येक बॉल टाकण्याआधी कोरड्या मायक्रोफायबर फडक्याने तेल पुसायला मात्र कोणी अडवत नाही, आणि ते सगळ्यांनी करावं.

जुने बॉल वापरणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. फक्त तोल साधण्यासाठी पाडलेलं, बोट न घालायचं जादा भोक १ ऑगस्ट २०२० पासून यूएसबीसीच्या स्पर्धांत चालत नाही. सेकंडहँड बॉल घेताना भोकं मोजून घ्या.

‘बॉल मेला’

नवा असताना कसला वळायचा, आता काहीच नाही. बॉल सहसा मेलेला नसतो. एक तर खेळून खेळून त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत झालेला असतो, दुसरं म्हणजे आवरणाच्या सूक्ष्म छिद्रांत तेल भरलेलं असतं. आधी मूळ नंबरचा पॅड मारून बघा. बऱ्याच वेळा एवढ्यानेच तो उठून बसतो.

नाही उठला तर तेल काढायचं. बादलीत कोमट, हाताला सोसेल इतकंच गरम पाणी, त्यात भांड्याचा साबण. बोटांच्या भोकांवर वॉटरप्रूफ टेप लावून बॉल बुडवा, वीसेक मिनिटांनी काढा. पाण्यावर तवंग दिसतो. पुसा, पाणी बदला, तवंग येणं थांबेपर्यंत पुन्हा करा. मग पूर्ण वाळू द्या आणि पॅड मारा. उकळतं पाणी, ओव्हन, कडक ऊन यापैकी काहीही नको, बॉलला तडे जातात. गाडीच्या डिकीत बॉल ठेवून देणारे तर उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात दोन्हीकडून मार खातात.

दुसरा बॉल कुठला घ्यावा

प्लास्टिकचा. यावर माझं मत पक्कं आहे, आणि प्रो शॉपवाल्याला ते आवडत नाही, कारण तो सगळ्यात स्वस्त असतो. दहा नंबरची पिन उजव्या कडेला, कोरड्या भागापलीकडे असते. वळणाऱ्या बॉलने तिच्याकडे जायचं म्हणजे लेन सुकत जाईल तसा तो बॉल पिनेच्या आधीच डावीकडे वळणार. प्लास्टिकचा बॉल डावीकडून आडवा, मधल्या बाणाच्या आसपासून टाकला की लेनचं तेल काहीही होवो, सरळ जातो. तिसऱ्या गेमला १६० चे १९० करायला जास्तीचे स्ट्राइक लागत नाहीत, सुटणारे स्पेअर काढले तरी पुरतं.

तिसरा बॉल घ्याल तेव्हा आहे त्याचाच भाऊ घेऊ नका. पहिला खरखरीत आणि लवकर वळणारा असेल तर तिसरा पॉलिशचा, सौम्य घ्या. लेन सुकल्यावर हातात काहीतरी वेगळं असावं. वजनाबद्दल एकच. १६ पौंड ही कमाल मर्यादा आहे, ती गाठलीच पाहिजे असं नाही. १४ किंवा १५ पौंडांचा बॉल नीट वेगाने टाकणं १६ पौंडांचा ढकलण्यापेक्षा चांगलं.

स्पर्धेला जाताना

पॅटर्नची लांबी आधी कळत असेल तर एक हिशेब उपयोगी पडतो. लांबीतून ३१ वजा करा. जो आकडा येईल त्या पट्टीच्या आसपास बॉल तेलातून बाहेर पडायला हवा. ४० फुटांचा पॅटर्न, नववी पट्टी. ३५ फुटांचा, चौथी, म्हणजे जवळजवळ गटाराच्या कडेने. ४४ फुटांचा, तेरावी, म्हणजे बराच आतून. ही फक्त सुरुवात करायची जागा आहे, सरावातले दोन-तीन बॉल बघून ती बदला. आखूड पॅटर्नवर युरेथेन किंवा सौम्य बॉल आणि लांब पॅटर्नवर खरखरीत, जोरकस बॉल.

पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये

सुट्टीत भारतात जाताना बॉल बरोबर न्यावा का, असं विचारणारे बरेच. १५ पौंड म्हणजे जवळजवळ सात किलो, सामानाच्या मर्यादेचा विचार करा. शिवाय मॉलमधल्या लेनवर तेल कधी, किती, कुठपर्यंत लावलंय हे काउंटरवरच्या मुलाला माहीत असेलच असं नाही. तिथले बॉल प्लास्टिकचे, भोकं कुणाच्याही बोटांना जातील अशी मोठी. त्याने हुक टाकायला जाऊ नका, मनगट दुखेल आणि बॉल तरीही सरळच जाईल. आपल्या नेहमीच्या वजनापेक्षा एक पौंड हलका, अंगठा घट्ट बसेल असा बॉल निवडा, उजव्या बाजूने सरळ पॉकेटवर टाका आणि स्पेअर काढा.

पिना दोरीने बांधलेल्या असतील तर एवढं लक्षात ठेवा की दोरी पिनेला मोकळं उडू देत नाही, शिवाय शेजारच्या दोरीत अडकून एखादी पिन बॉल न लागताच पडते. यूएसबीसीनेही २०२३ मध्ये दोरीच्या पिनांना मान्यता दिली ती वेगळा प्रकार म्हणून, नेहमीच्या सरासरीत धरायला नाही. त्यामुळे तिथे दहा नंबर उभी राहिली म्हणून परत आल्यावर आपल्या बॉलवर पॅड मारायला घेऊ नका.